पडण्याचा हिशेब

साडेआठ. एका मोटारीने लागोपाठ खाल्लेल्या कोलांट्यांचा हा आकडा गिनीजच्या दप्तरात नोंदलेला आहे. ‘द फॉल गाय’ या सिनेमासाठी लोगन हॉलडे नावाच्या स्टंटमॅनने ऑस्ट्रेलियातल्या समुद्रकिनाऱ्यावर जीप ग्रँड चेरोकी उलटवली आणि दरवाजातून स्वतःच्या पायांवर बाहेर आला. याआधीचा मान सातचा होता. २००६ च्या ‘कसीनो रोयाल’ या बाँडपटात अ‍ॅडम कर्लीने अ‍ॅस्टन मार्टिन घेऊन तो मिळवला होता. माझा जीव मात्र त्या अर्ध्यावर जडलाय. गाडी थांबल्यावर, धूळ खाली बसल्यावर कुणीतरी पुढे जाऊन निवाडा केला असणार, की आठ पुऱ्या आणि ही एक अर्धी. एवढ्या आकांतातही कुणी काटेकोरपणे मोजत होतं, याचंच मला जास्त नवल वाटतं.

‘द फॉल गाय’ मे २०२४ मध्ये पडद्यावर आला. मूळ मालिका त्याच नावाची. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ती १९८१ ते १९८६ अशी पाच पर्वं चालली. ग्लेन लार्सनने ती रचली होती आणि नायक होता ली मेजर्स, म्हणजे ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’वाला. त्याचा कोल्ट सीव्हर्स हा सिनेमांत कामं करणारा स्टंटमॅन. पगारात भागत नाही म्हणून फरारी आरोपी पकडून आणायचा जोडधंदा करणारा. शीर्षकगीत ली मेजर्सनेच गायलं होतं. नव्या सिनेमात कोल्ट झालाय रायन गॉसलिंग आणि त्याची जोडी एमिली ब्लंटशी. ब्लंटच्या पात्राचं नावही जोडीच. मालिकेत जोडी नावाची बाई कोल्टची सहकारी होती, सिनेमात ती दिग्दर्शक आहे आणि त्याची पूर्वीची प्रेयसीही. कोल्ट ज्याच्या जागी पडतो तो नट गायब, एक प्रेत, खोटा पुरावा, कुत्र्याला फ्रेंचमध्ये हुकूम. गोष्ट तशी चहाच्या एका कपात मावेल एवढीच. दिग्दर्शक डेव्हिड लीच स्वतः जुना स्टंटमॅन. ‘फाइट क्लब’मध्ये ब्रॅड पिटच्या जागी मार खाणारा तोच. त्यामुळे या सिनेमाने गोष्टीपेक्षा धंद्यावर जास्त प्रेम केलंय, आणि तेच बरं केलंय.

आता ती जीप. मोटार ही उलटू नये म्हणूनच जन्माला येते. इंजिन खाली, टाकी खाली, चाकं रुंद अंतरावर. वजनाचा मध्य जमिनीच्या जितका जवळ नेता येईल तितका नेलेला. बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन तर इतकी बुटकी आणि रस्ता घट्ट धरणारी की साध्या रॅम्पवर एका बाजूची चाकं चढवूनही ती उलटेना. मग उपाय काय? तोफ. गाडीच्या पोटात ड्रायव्हरच्या मागे एक जाड पोलादी नळी उभी बसवतात. तिच्यात दट्ट्या, आणि दट्ट्यामागे दाबून भरलेला नायट्रोजन. ड्रायव्हर गाडी वेगात आणतो, स्टिअरिंग झटक्यात फिरवून तिला आडवी घसरवतो आणि बोटापाशी असलेलं बटन दाबतो. दट्ट्या सुटतो, जमिनीला लाथ मारतो, आणि गाडीची एक बाजू हवेत जाते. पुढचं काम वेगच करतो. या प्रकाराला ‘कॅनन रोल’ म्हणतात. जमिनीवर गोळा डागायचा आणि उडायचं आपण, अशी ही उलटी तोफ.

बटन कधी दाबायचं याला फार अर्थ आहे. गाडी पुरती आडवी व्हायच्या आत दट्ट्या सुटला तर ती तिरकी उडून नाकावर येते. उशीर झाला तर घसरण्यातच वेग संपतो आणि एखादी कोलांटी होऊन खेळ आटोपतो. शिवाय खाली वाळू. कोरडी वाळू चाकं गिळते, लाथेचा जोर पिऊन टाकते. ओली, दाबून बसलेली वाळू रस्त्यासारखी वागते. किनाऱ्यावरचा स्टंट त्यामुळे भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच लावावा लागतो.

आणि आतला माणूस जिवंत कसा राहतो? ताशी १०० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीच्या अंगात जेवढी ऊर्जा असते, तेवढ्यात तीच गाडी सुमारे ३९ मीटर उंच उचलता येईल. म्हणजे तेरा मजले. ही सगळी ऊर्जा कुठेतरी खर्ची पडल्याशिवाय गाडी थांबत नाही. भिंतीवर आपटली तर एका क्षणात खर्च, आणि त्यात माणूसही खर्च. लोळत गेली तर प्रत्येक कोलांटीला थोडा पत्रा चेपतो, थोडी वाळू उडते, थोडी काच फुटते, आणि हिशेब चुकता होईपर्यंत काही सेकंद मिळतात. आतमध्ये पोलादी नळ्यांचा पिंजरा, अनेक पट्ट्यांचा बेल्ट, मान धरून ठेवणारा आधार. म्हणून विचित्र वाटलं तरी खरं असं, की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आणणाऱ्या त्या साडेआठ कोलांट्या ड्रायव्हरच्या बाजूने असतात. गाडी दोनच कोलांट्यांत एखाद्या खडकाला भिडून थांबली असती, तर मला खरी भीती वाटली असती.

याच सिनेमातला दुसरा चमत्कार आवाज न करता होतो. ट्रॉय ब्राउन नावाच्या स्टंटमॅनने हेलिकॉप्टरमधून १५० फूट खाली, हवा भरलेल्या गादीवर उडी घेतली. १५० फूट म्हणजे साधारण ४६ मीटर. शाळेतलं सूत्र लावलं तर खाली यायला तीन सेकंद लागतात, आणि गादीला टेकताना वेग ताशी १०८ किलोमीटरच्या आसपास असतो. हवेचा विरोध थोडा कमी करील, पण फार नाही.

इथे एक सूत्र सांगतो. मला ते फार उशिरा सापडलं आणि तेव्हापासून मी ते ओळखीच्या सगळ्यांना ऐकवतो. जितक्या उंचीवरून पडलात, तिला थांबायला मिळालेल्या अंतराने भागा. येणारा आकडा म्हणजे थांबताना अंगावर आलेला सरासरी झटका, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत. बास. वेग नको, वजन नको, वर्गमूळ नको. ४६ मीटरवरून पडणाऱ्याला गादीने समजा तीन मीटरच्या आत थांबवलं, तर ४६ भागिले ३, म्हणजे पंधरापट. अंग चांगलंच ठेचकाळेल, पण पाठ सपाट टेकली तर शरीर हे थोड्या वेळापुरतं सोसतं. तोच माणूस फरशीवर पडला आणि पाच सेंटीमीटरमध्ये थांबला, तर आकडा नऊशेच्या वर जातो. उंची तीच, वेग तोच, माणूसही तोच. फरक पडतो तो फक्त थांबण्याच्या अंतराने. स्टंटचा निम्म्याहून अधिक धंदा या भागाकारातल्या खालच्या आकड्यावर चालतो. वरचा आकडा पोस्टरवर छापायला असतो.

गादीचंही एक गुपित आहे. ती घट्ट भरलेली असती तर माणूस चेंडूसारखा उसळून बाहेर फेकला गेला असता. म्हणून तिच्या कडांना झडपा ठेवतात. माणूस येऊन आदळला की हवा त्यांतून फुस्सकन बाहेर पळते आणि त्याची ऊर्जा बरोबर घेऊन जाते. अशा गाद्या येण्याआधी पुठ्ठ्याची रिकामी खोकी एकावर एक रचत आणि वर चादर टाकत. कमी उंचीच्या उड्यांना आजही तेच करतात. प्रत्येक खोकं चिरडताना थोडं थोडं अंतर देतं. आणि पडायचं ते नेहमी पाठीवर. पायांवर उतरलं तर गुडघे वर येऊन जबड्यावर आपटतात. पोटावर पडलं तर मणका नको त्या दिशेला वाकतो. म्हणून पडद्यावर ‘किंचाळत तोंडावर कोसळणारा’ खलनायक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला की शेवटच्या क्षणाला हळूच कूस बदलतो. आपल्याला दिसत नाही एवढंच.

हे सगळं मी परदेशीपुऱ्यात बसून लिहितोय, आणि इथल्या माणसाला हा भागाकार तसा नवा नाही. इंदूरचा हा भाग गिरणी कामगारांचा. मालवा मिल हाकेच्या अंतरावर. हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी या गिरण्यांची नावं अजून पत्ता सांगताना येतात. पहिलवानीचा नाद या वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या. आखाड्यातली माती पाहिलीत कधी? ती रोज फावड्याने खणतात, चाळतात, तीत हळद, तेल, ताक, लिंबू घालतात. पाहुण्याला वाटतं हा सगळा धार्मिक विधी. विधी आहेच, पण खांद्यावरून, म्हणजे दीड मीटरवरून फेकलेला गडी खणलेल्या मातीत पाच सेंटीमीटर रुतला तर झटका तीसपट, आणि टणक झालेल्या मातीत एकच सेंटीमीटर रुतला तर दीडशेपट. उस्तादाने न्यूटन वाचलेला नसतो. सकाळी माती खणली नाही तर संध्याकाळी कुणाचा तरी खांदा निखळतो, हे त्याला ठाऊक असतं. मल्लखांबावरून उतरणाऱ्या पोराला गुडघे सैल ठेवायला सांगतात, तेही त्याच भागाकारासाठी. हा मल्लखांब बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या उतरत्या काळात घडवला, आणि २०१३ पासून मध्य प्रदेशाने त्याला आपला राज्यखेळ केला आहे. मराठी माणसाने परमुलखात काय काय नेलं याच्या याद्या करताना आपण चकली-चिवड्यापाशीच थांबतो, मल्लखांब विसरतो.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद मिल तर १९९१ च्या डिसेंबरात. झांक्या मात्र त्याच नावांनी अजून निघतात. दिव्यांचे मोर, मोटारीवर हलणारे राक्षस, उघडमीट करणारे डोळे. आणि त्यांच्या जोडीने आखाडे चालतात, उस्ताद आणि खलीफा पुढे, मागे बनेठी, लाठी, तलवार फिरवणारी पोरं. रात्रभर, डांबरी रस्त्यावर, जिथे माती नाही की गादी नाही. लोक टाळ्या वाजवतात त्या तलवारीला. जाणकार बघतात ते पावलांकडे. एखादा पोरगा मध्येच मुद्दाम अडखळतो, गर्दी ‘अरे अरे’ करते, आणि तो हसत उभा राहतो. या मुद्दाम अडखळण्यात अ‍ॅक्शन आणि विनोद एकाच अंगात येतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की या दोन कला मुळात वेगळ्या नाहीत. दोन्हींत पडायचं असतं, आणि दोन्हींत पडलेला माणूस शाबूत आहे याची खात्री बघणाऱ्याला द्यायची असते. खात्री आधी दिली तर हसू येतं, नंतर दिली तर टाळी पडते.

ही गोष्ट आपल्याकडे पडद्यावर कुणी आणली, हे शोधायला हॉलिवूडला जायला नको. मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला मास्टर विठ्ठल कसलेल्या शरीराचा, तलवारबाज, ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणून गाजलेला. १९३१ साली पहिला बोलपट ‘आलम आरा’ निघाला तेव्हा नायक म्हणून त्यालाच घेतला. त्यासाठी त्याने शारदा कंपनीचा करार मोडला, खटला झाला, आणि कोर्टात त्याच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर जिना. खटला जिंकला, पण पंचाईत पुढेच होती: गड्याची हिंदी-उर्दू बेताची. मग बोलपटाच्या नायकाला बऱ्याच प्रसंगांत भान हरपलेलं दाखवून गप्प ठेवलं. बोलपटाच्या पहिल्याच नायकाची ही गत!

पण आपल्या विषयाचा खरा धनी म्हणजे भगवान आबाजी पालव, सगळ्यांचे भगवानदादा. जन्म १९१३, अमरावती. वडील कापड गिरणीत कामगार. मूकपटांत पाऊल टाकलं आणि १९३८ साली ‘बहादुर किसान’पासून दिग्दर्शनात पडले. पुढची दहा-अकरा वर्षं त्यांनी कमी पैशांत एकामागून एक मारधाडीचे सिनेमे काढले. पैसा इतका कमी की कपड्यांपासून कलाकारांच्या जेवणापर्यंतची व्यवस्था स्वतःच बघायची. प्रेक्षक म्हणजे कामगार वस्त्या. समीक्षक त्या थिएटरांत फिरकतच नसत, त्यामुळे या सिनेमांबद्दल लिहिलेलं फार थोडं सापडतं. नायक गोलमटोल, बुटका, चेहऱ्यावर मिश्कील भाव. आणि तोच उड्या मारतो, तोच ठोसे खातो. राज कपूरने एकदा सुचवलं की मारामारी पुरे, एखादा सामाजिक सिनेमा काढ. त्यातून १९५१ चा ‘अलबेला’ झाला, सी. रामचंद्रांच्या संगीताचा, गीता बालीबरोबरचा. भगवानदादांचा तो ठुमकत, खांदे उडवत, जवळजवळ जागच्या जागी नाचण्याचा ढंग पुढे किती नटांनी उचलला ते सर्वांना माहीत आहे. मला तो नाच कायम एखाद्या फायटरचा वाटत आलाय. वजन सतत एका पायावरून दुसऱ्यावर, गुडघे सैल, टाच जमिनीला नावापुरती. कुठूनही ठोसा येवो, गडी तयार. २०१६ साली ‘एक अलबेला’ हा मराठी चरित्रपट आला. त्यात मंगेश देसाईंनी हा ढंग सुरेख धरला आहे.

हिशेब चुकला तर काय होतं, याचं उदाहरणही दुर्दैवाने याच माणसाच्या नावावर आहे. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगात त्यांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. चापट खरीच आणि जोरात बसली. डोळ्याजवळची शीर फुटली, चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा आला, काही वर्षं उपचारांत गेली, आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका गेल्या. पुढे त्याच डोळ्याने त्यांनी हिंदी-मराठी पडद्यावरची सासू अजरामर केली, पण म्हणून त्या चापटीला कुणी उपकार म्हणू नये.

आज तोच प्रसंग कसा घेतील? कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या मागे ठेवतील. लांब पल्ल्याचं भिंग मागचं-पुढचं अंतर चेपून दाखवतं, त्यामुळे गालापासून वीतभर दूर गेलेला हातही गालावर बसल्यासारखा दिसतो. हात गालाच्या रेषेतून गेला की त्याच क्षणी खाणाऱ्याने मान फिरवायची. पाहणाऱ्याचा मेंदू चापट बघत नाही, मान बघतो. मान झटकली म्हणजे हात लागलाच असणार, असा निकाल देऊन तो मोकळा. उरलेलं काम आवाजाचं. तो नंतर भरतात. फाइट मास्टर म्हणूनच सांगतात, की मारणारा कुणीही चालेल, पण मार खाणारा पक्का हवा. ‘द फॉल गाय’चा विनोदही या खाणाऱ्यावरच उभा आहे. गॉसलिंगला प्रत्येक आपटीनंतर अंगठा वर करायचा असतो. सेटवर ती ठीक असल्याची खूण. सिनेमात तीच विनोदाची शेवटची ओळ. आग लावून घेण्याच्या दृश्यातही तसंच. अंगाला गार जेल, त्यावर आग न पकडणाऱ्या कापडाचे थर, आणि ज्वाळा विझेपर्यंत श्वास रोखलेला, कारण कातडीआधी तापलेली हवा फुप्फुसं जाळते. एवढं करून माणूस विझल्यावर प्रेयसीच्या तक्रारी ऐकतो, पुन्हा पेटतो, पुन्हा ऐकतो.

इंदूरने या खात्यात आपली एक नोंद टाकली आहे. जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, इथे जन्मले. तेही गिरणी कामगाराचे पुत्र. वडिलांची नोकरी गेली तेव्हा कुटुंब मुंबईला गेलं आणि हा मुलगा बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर झाला. बलराज साहनींची नजर पडली, त्यांनी गुरुदत्तकडे पाठवलं, तिथे दारुड्याची नक्कल करून दाखवली आणि १९५१ च्या ‘बाजी’त जागा मिळाली. व्हिस्कीवरून नाव ठेवलं ते गुरुदत्तने. माणूस दारूला शिवतही नसे. आता नीट विचार केला तर चालणं हेच मुळी थोडं पडणं असतं. अंगाचा तोल पुढे कलतो, आणि पडायच्या आत आपण दुसरा पाय खाली ठेवतो. दारुड्याच्या नकलेत हा दुसरा पाय क्षणभर उशिरा येतो. बस, एवढीच मेख. पण तो उशीर दर पावलाला वेगळा हवा, आणि तरी पडायचं नाही. धावत्या बसच्या मधल्या पट्टीत, एका हातात तिकिटांचा ट्रे धरून, ब्रेक लागला की पुढे आणि बस सुटली की मागे कलणाऱ्या अंगाने रोजची ड्यूटी केलेल्या माणसाला हा रियाज वेगळा करावा लागला नसेल, असं मला वाटतं. एकाच वर्षी, १९५१ मध्ये, ‘अलबेला’ आणि ‘बाजी’. गिरणी कामगारांची दोन पोरं, एक अमरावतीचा, एक इंदूरचा.

परत मालिकेकडे येतो, कारण जुनी मालिका सिनेमात नेणं ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही. आपल्याकडे चिमणराव-गुंड्याभाऊ आधी चिं. वि. जोशींच्या पुस्तकांत होते, मग दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात आले. चिमणराव बोलणारा, गुंड्याभाऊ दणकट. अ‍ॅक्शन आणि कॉमेडी दोन शरीरांत वाटून दिलेली, अशी ही जोडी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन झाला होता. २०१७ साली आदित्य सरपोतदारने तो अमेय वाघला घेऊन सिनेमात आणला, आणि खुद्द भागवतांच्या भूमिकेत कोण? आपले चिमणराव, प्रभावळकरच. शाळकरी पोरगा वैद्यकीय प्रवेशाचा घोटाळा उकरणारा तरुण झाला. पुस्तकातला बन्या, म्हणजे मूळचा फेणे, हरवला अशी तक्रार मी ऐकली आहे. मला ती अर्धीच पटते. सायकलवरून चोरांचा पाठलाग आणि ‘ट्टॉक्’ एवढ्या शिदोरीवर अडीच तास काढता आले नसते.

अडचण वेगळीच असते. मालिकेचा नायक दर आठवड्याला नवाकोरा होऊन येतो. ली मेजर्सचा कोल्ट या भागात छपरावरून पडला तरी पुढच्या भागात ट्रक उडवायला हजर. शंभरावर भागांत त्याने खाल्लेला मार कुणी एकत्र मोजला नाही. सिनेमाला एकदाच यायचं असतं, त्यामुळे त्याला मोजणं टळत नाही. लीचने तेच केलं. त्याचा सिनेमा सुरूच होतो पडण्याने, आणि ते पडणं चुकतं. कोल्टची पाठ मोडते. पुढे दीड वर्ष तो एका उपाहारगृहाबाहेर लोकांच्या गाड्या लावतो. मालिकेला जे कधी परवडलं नसतं, ते सिनेमाने पहिल्या काही मिनिटांत करून टाकलं, आणि म्हणून नंतरच्या प्रत्येक उडीला आपण हसतो तेव्हा थोडे धास्तावलेलेही असतो. मालिकेतून त्याने ट्रक घेतला, गाणं घेतलं, नावं घेतली. पण नायकाचं न दुखणारं अंग घेतलं नाही.

त्या ट्रकबद्दल एक ओळ लिहायलाच हवी. गाडी रॅम्पवरून हवेत गेली की तिचं नाक खाली जातं, कारण इंजिन पुढे असतं आणि पुढची चाकं आधी आधार सोडतात. म्हणून उडणाऱ्या गाडीच्या मागच्या भागात वजन भरतात. टीव्हीवर रुबाबात उडालेली गाडी उतरल्यानंतर कशी दिसत होती हे सहसा दाखवत नसत, आणि दाखवत नसत तेच बरं होतं.

या माणसांचं नाव घ्यायला जगाने फार वेळ लावला. ‘द फॉल गाय’वर ख्रिस ओहारा यांना ‘स्टंट डिझायनर’ अशी पाटी मिळाली. हॉलिवूडमध्ये अधिकृतपणे ही पदवी मिळण्याची ती पहिलीच वेळ. ऑस्करवाल्यांनी एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं, की स्टंट डिझाइनला स्वतंत्र पारितोषिक द्यायचं, तेही २०२७ च्या सिनेमांपासून, म्हणजे २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात. इथे आपल्याला थोडं मिरवायला हरकत नाही. भारताच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अ‍ॅक्शन दिग्दर्शनाचा विभाग २०१७ च्या एप्रिलमध्येच आला, आणि पहिला मान ‘पुलिमुरुगन’ या मल्याळम सिनेमासाठी पीटर हेन यांना मिळाला. त्यात नायक वाघाशी झुंजतो.

‘द फॉल गाय’ बघायला बसलात तर शेवटची नावं सुरू झाल्यावर उठू नका. नावांच्या बाजूला चित्रीकरणाचे तुकडे दाखवतात: कुठला ठोसा कुणी खाल्ला, कुठल्या खिडकीतून कोण पडला, केबल कुठे बांधली होती, गादी कुठे होती. त्याच्या मध्येच ली मेजर्स आणि मालिकेतली हेदर थॉमस पोलिसांच्या वेशात येऊन जातात. घरी बघत असाल तर तो भाग एकदा आवाज बंद करून बघा, आणि ज्याला लागलं त्याच्याकडे न बघता त्याच्या पायांकडे बघा.